एप्रनच्या खिशातली नळी

अंबड तालुक्यातल्या बासष्ट बायकांचं रक्त मी काढलंय, आणि एकीलाही दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी तारीफ कुठंच नाही.

मी भावना. लॅब टेक्निशियन. जालन्यात आईसोबत राहते. दोन वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेनं मूल न होणाऱ्या बायकांचा अभ्यास आपल्या भागात सुरू केला, तेव्हा मला त्यात नोकरी लागली. अभ्यास होता किस्पेप्टिन नावाच्या संप्रेरकाचा. नावातलं 'किस' ऐकून नर्सा तोंडाला पदर लावायच्या, म्हणून आम्ही फॉर्मवर नुसतं 'के' लिहायचो. हे के म्हणजे मेंदूत तयार होणारा प्रथिनाचा एवढासा तुकडा. घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना हाका मारणारी एक बाई असते ना, तसं त्याचं काम. ते पुढच्या ग्रंथीला उठवतं, ती तिच्या पुढचीला, आणि मग कुठं बीजांडकोशात महिन्याचं बीज पिकतं. पहिली हाकच गेली नाही तर पुढचं कुणी हलत नाही.

या बाईची एकच खोड. रक्तात ती टिकत नाही. नळी शिरेपासून सुटली की मिनिटाच्या आत बर्फात गेली पाहिजे आणि वीस मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरली पाहिजे. उशीर झाला की के तुटत जातं आणि तपासणीत नंबर खोटा कमी येतो. बाई चांगली असली तरी कागदावर नापास. प्रशिक्षणात डॉक्टर मोनाली मॅडमनी हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. बस स्टँडजवळच्या बद्रीनाथभाऊंच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज आणि फ्रीजर होता. मी पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच्या घरी जायची, रक्त काढायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि स्कूटीवरून लॅब गाठायची. अंबडमध्ये कुठूनही कुठंही दहा मिनिटं लागतात, फार झालं तर बारा.

नंबर ठरावीक पट्ट्यात आला आणि वय अडतीस पूर्ण झालेलं नसलं, तर त्या बाईला पुढच्या टप्प्यात घ्यायचं होतं. अशा वीसजणी. त्यांना टेस्ट ट्यूब बेबीचा सगळा उपचार फुकट मिळणार होता, आणि बीज पिकवायच्या शेवटच्या इंजेक्शनच्या जागी हेच के दिलं जाणार होतं. बायकांना के-बीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या वीसमध्ये यायचं होतं.

मधुवंतीताईंना सगळ्यांत जास्त यायचं होतं. त्या अंबडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोनदा उपचार करून झालेले, तिसऱ्यांदा घराला झेपणार नव्हतं. संमतीचा नऊ पानी फॉर्म सगळ्या बायका मागच्या पानावर सही करून मोकळ्या व्हायच्या. या एकट्या बाईनं तो पेन्सिल घेऊन वाचला आणि मला सहा प्रश्न विचारले. जन्मतारखेच्या रकान्यात एक ऑगस्ट मीच माझ्या हातानं लिहिलं. या एक ऑगस्टला अडतीस पूर्ण होणार होते.

"म्हणजे त्याच्या आधी नाव लागलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"लागतंय की ताई. जुलैत यादी येतेय."

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. कोर्टाच्या मागच्या कॉलनीतलं बंगलेवजा घर. सासरे कोर्टातून रिटायर झालेले, नवरा निखिल जालन्याला ऑफिसात, आणि सासूबाई ताराकाकू. माझा बर्फाचा डबा मी कुठल्याही घरात सोबत आत नेते, तो माझ्या पायाशीच असतो. त्या घरात नेला नाही. ओट्यावर चपलेशेजारी ठेवला. कुणी बाहेर ठेव म्हणालं नव्हतं. लहानपणी आई अशा घरी कामाला न्यायची तेव्हा सांगायची, आपलं सामान बाहेर ठेवावं, विचारायची पाळी येऊ देऊ नये. मी डीएमएलटी झाले, लॅबचा डिप्लोमा केला, बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी हात आईचाच निघाला.

आतल्या खोलीत मधुवंतीताईंचं रक्त काढलं, नळी एप्रनच्या खिशात टाकली आणि निघाले. बाहेर जाऊन डब्यात ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं. बैठकीत ताराकाकू उभ्या होत्या.

"तू प्रभावतीची लेक ना गं?"

"हो काकू. तुम्ही वळखता आईला?"

"नाक तिचंच आहे. आमच्या जुन्या घरी धान्य निवडायला यायची. बस."

"काकू, मला जल्दी जावं लागतं, हे रक्त..."

"बस म्हणते ना." त्यांनी माझा दंड धरला आणि मला सोफ्यावर बसवलं. मग समोर उभ्या राहून, कुणीतरी शिकवलेलं म्हणून दाखवावं तसं एका दमात बोलल्या. "तुझ्या आईला मी वरून चहा ओतायची. कान तुटलेला कप होता तिचा, गोठ्याच्या कोनाड्यात राहायचा. सासूबाईंची शिस्त. मी नवी सून, बोलायची हिंमत नव्हती. पण हात तर माझाच होता ना? आज तू माझ्या घरात बसून चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

आता सांगा, उठायचं कसं?

तुम्ही म्हणाल, दोन पावलांवर डबा होता, आणायचा. मीही हजारदा म्हणून बघितलंय. डबा आणायला उठले असते तर काकूंना वाटलं असतं, पोरगी चहा टाळतेय. आणि डबा आत आणला असता तर तो बाहेर का ठेवला होता हेही कळलं असतं. त्या काही विचारणार नव्हत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. या सगळ्या विचारात पाच मिनिटं गेली. पाच गेल्यावर दहा जायला काही वाटत नाही.

लाइट गेलेली होती. पंखा बंद, बाहेर त्रेचाळीस डिग्री. काकूंनी दूध तापवलं, आलं किसलं, चहा नीट उकळू दिला. मग तो फुलाफुलांच्या कपबशीत आला, सोबत चिवडा. काकू माझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर बसल्या आणि आईचं विचारत राहिल्या. गुडघे कसे आहेत, मिथुन काय करतो, घर बांधलं का. मिथुन माझा भाऊ, त्याचं नावही त्यांना आठवत होतं. मला फार बरं वाटत होतं. हे लपवत नाही. नळी खिशातून मांडीला लागत होती आणि मला बरं वाटत होतं.

मधुवंतीताई दारात येऊन उभ्या राहिल्या, कोपरात कापूस धरून. त्यांनी नऊ पानं वाचलेली होती.

"भावना, त्याला उशीर नाही ना होत?"

"न्हाई ताई," मी म्हणाले. "चालतं तेवढं."

हे वाक्य मी बोललेय. माझ्याच तोंडानं. चहाचं खापर कुणाच्याही डोक्यावर फोडता येईल, या वाक्याचं नाही.

घरातून निघाले तेव्हा रक्त काढून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. नळी बर्फात ठेवताना तिचा कोमटपणा बोटांना कळला. लॅबमध्ये फिरवली, वरचं पिवळं पाणी काढून गोठवलं आणि फॉर्म भरायला बसले. 'बर्फात ठेवण्यास लागलेला वेळ' यापुढं मी एक मिनिट लिहिलं. 'सेंट्रिफ्यूजपर्यंतचा वेळ' यापुढं अठरा मिनिटं. खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथं 'उशीर झाला, नमुना पुन्हा घ्यावा' एवढं लिहिलं असतं तर पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त घेतलं असतं आणि गोष्ट तिथंच मिटली असती. तो रकाना त्यासाठीच असतो. पण मोनाली मॅडमनी कारण विचारलं असतं, आणि चहा प्यायला बसले होते, असं सांगणार कशी? मॅडम माझं नाव दुसऱ्या पोरींना उदाहरण म्हणून सांगायच्या. बासष्टात एक, काय बिघडतंय, असं म्हटलं आणि सही केली.

संध्याकाळी आईला सांगितलं. नळीचं नाही, चहाचं.

आई पालक निवडत होती. तिचे हात थांबले. "कशात दिला?"

"कपबशीत. फुलांच्या."

"आन् तू कुठं बसल्ती?"

"सोफ्यावर. काकू बी माझ्याशेजारी बसल्त्या."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तारा वाईट न्हवती. तिचा हात कापायचा चहा ओतताना. मला दिसायचं." पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पालक निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना ती गोष्ट माहीत झालेली होती. आईच्या सांगण्यात तर चिवड्याचे लाडू झाले होते.

अकरा जुलैला यादी आली. मधुवंतीताईंचा नंबर मोजता येण्यापेक्षाही कमी होता. जवळजवळ शून्य. मला आश्चर्य वाटलं नाही. तो नंबर मधुवंतीताईंचा नव्हताच. माझ्या एप्रनच्या खिशाचा होता.

आम्ही बायकांना नंबर सांगायचा नाही, फक्त निवड झाली की नाही तेवढंच, असा नियम होता. मी फोन केला तेव्हा त्यांनी "का?" असं विचारलं. इतकं हळू विचारलं की मला गप्प राहवलं नाही. "नंबर कमी आला ताई," मी म्हणाले. एक खोटं फॉर्मवर होतं, आता ते त्यांच्या घरात गेलं.

निखिलभाऊंचे रिपोर्ट पहिल्यापासून चांगले होते आणि मधुवंतीताईंचेही. अकरा वर्षं डॉक्टर म्हणत आले होते, दोघांत काही दोष सापडत नाही. त्या घराला ते 'सापडत नाही' सोसत नव्हतं, पण त्यात कुणाचं नावही नव्हतं. आता नाव मिळालं. हिच्या मेंदूतच कमी आहे. काकूंनी हे वाईट मनानं घेतलं नाही, उलट सुनेची जास्त काळजी घ्यायला लागल्या, आणि ती काळजी मला फोनवर ऐकू यायची. शतावरीचं दूध, बदाम, कुणीतरी सांगितलेला काढा.

मी रोज ठरवायचे, उद्या मॅडमना सांगायचं. एक ऑगस्टला अजून वीस दिवस आहेत. मग पंधरा. मधल्या काळात तीन वेळा मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. एकदा त्या फोनवर होत्या, एकदा त्यांच्याकडं पाहुणे होते, आणि तिसऱ्यांदा त्या एकट्या बसल्या होत्या, माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ये भावना, काय गं?" मी लेबलं संपलीत म्हणून सांगितलं. लेबलांचे दोन गठ्ठे माझ्या कपाटात पडलेले होते.

आईचा विचार करत होते, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कळलं तर चहाची गोष्ट नासेल, आई पुन्हा गल्लीत काय सांगेल? ताराकाकूंचा विचार करत होते, असंही सांगायचे. किती चांगल्या मनाची मी. खरं म्हणजे नोकरीची भीती होती, आणि मॅडमच्या नजरेतून उतरण्याची त्याहून जास्त. आणि आता वाटतं, आत कुठंतरी मी तारीख जायचीच वाट बघत होते. तारीख गेल्यावर सांगितलं की सांगितल्याचं समाधान मिळतं आणि काही करावं लागत नाही.

एक ऑगस्टला सकाळी फोन आला. मधुवंतीताई.

"भावना, एक विचारू? मला आज अडतीस पूर्ण झाले, म्हणजे तुमच्या यादीचा विषय संपला, ते कळतंय मला. पण तो नंबर वाढवायला काही खाता येतं का? इथं रोज नवीन काहीतरी पाजून राह्यलेत. म्हटलं निदान खरं काय ते तुला विचारावं."

खरं काय ते. मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. तरीसुद्धा आणखी दोन दिवस गेले, बघा माझी हिंमत. तीन तारखेला मॅडमच्या समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. डबा बाहेर, नळी खिशात, चहा, अठ्ठेचाळीस मिनिटं, फॉर्मवरची अठरा.

मॅडमनी मला मधे थांबवलं नाही. मग बद्रीनाथभाऊंना फोन लावून त्यांचं मशीनचं रजिस्टर मागवलं. कोणी किती वाजता काय फिरवलं, हे भाऊ त्यात मिनिटावर लिहितात. मशीन त्यांच्या जिवाचं. माझे बासष्ट फॉर्म आणि ते रजिस्टर मॅडमनी समोरासमोर ठेवून स्वतः तपासले. साडेतीन तास लागले. मी समोर बसून होते. एकसष्ट बराबर जुळले.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं काम तुझं सोन्यासारखं आहे. म्हणून जास्त राग येतोय."

"मॅडम, परत रक्त घेता येईल का? मी आजच जाते."

"कशासाठी? वय बसत नाही. तो नियम माझा नाही, समितीचा आहे, मी एक दिवससुद्धा हलवू शकत नाही. नमुना बाद धरायचा, एवढंच माझ्या हातात." त्यांनी चष्मा काढला. "चहाचं मी समजू शकते भावना. मी त्या जागी असते तर कदाचित बसलेही असते. पण यादी येऊन आज तेवीस दिवस झाले. पहिल्या आठवड्यात आली असतीस तर रक्त परत घेतलं असतं, तातडीनं तपासलं असतं. अठ्ठेचाळीस मिनिटं चहाची होती. तेवीस दिवस तुझे आहेत."

घरोघरी जायचं काम माझ्याकडून काढलं. कराराचे दोन महिने उरले होते, तेवढे ऑफिसात बसून कागद लावायचे. ती शिक्षा मला फारच हलकी वाटली. मॅडम म्हणाल्या, त्या बाईंना संस्थेचं पत्र जाईल. मी म्हणाले, पत्राच्या आधी मी जाते.

रविवारी गेले. ताराकाकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, पुरुषमंडळी कुणी नव्हती. मधुवंतीताई बैठकीत चाचणीचे पेपर तपासत होत्या. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, कारण त्या सोफ्यावर बसून मला ते सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं. "चालतं तेवढं" हेही सांगितलं. त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मग माझा खरा नंबर किती?"

"माहीत न्हाई ताई."

"म्हणजे कमीही असू शकतो."

"असू शकतो. बराबरबी असू शकतो."

"आणि ते आता कळणार नाही."

त्या मला शिव्या देतील, हात उगारतील, अशी तयारी करून आले होते. त्या रडल्या. आवाज न करता, पेपरांवर थेंब पडू नयेत म्हणून मान वळवून. मी पाणी आणायलाही हलले नाही. आणलं असतं तर ते काय म्हणून द्यायचं?

थोड्या वेळानं त्यांनी तोंड पुसलं. "सासूबाईंना नंबर खोटा होता ते सांग. ते मला हवंय. त्या काढ्यांतून सुटायचंय मला. पण चहाचं सांगू नको."

"का ताई? खरं तर..."

"तुझ्यासाठी न्हाई म्हणत मी. आमच्याकडं उषाबाई भांडी घासायला येतात. सात वर्षं झाली, त्यांना चहा मागच्या दारी, स्टीलच्या पेल्यात. मी किती वेळा बोलले, भांडले, काही उपयोग झाला न्हाई. तू येऊन गेल्यापासून सासूबाई त्यांना आमच्या कपात चहा देतात, स्वयंपाकघरात बसवून. आपणहून. तू चहाचं सांगितलंस तर त्या काय धडा घेतील, मला माहीत आहे. माझं जे गेलं ते गेलं. एवढं तरी राहू दे."

माझ्याकडं दुसरं काही मागण्यासारखं उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी हे मागितलं. मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

पाच-सात मिनिटांत ताराकाकू आल्या. कपाळाला हळदीकुंकू, ओटीत खारका. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "प्रभावतीची पोर! उभी का गं? काय म्हणाले तुझे डॉक्टर, वाढतो का नंबर?"

"काकू, तो नंबर खोटा होता. ताईंमध्ये कमी आहे असं काहीच निघालेलं न्हाई. रक्त बर्फात ठेवायला माझ्याकडून उशीर झाला. परत घेता आलं असतं, पण ते बी मी येळेत सांगितलं न्हाई. आता ताईंचं वय बसत न्हाई. चूक माझी आहे."

काकूंना समजायला वेळ लागला. त्या सोफ्यावर टेकल्या. ओटीतल्या खारका एकेक करून टीपॉयवर ठेवल्या. "म्हणजे हिचं नाव लागलं असतं?"

"लागलं असतं, कदाचित."

"उशीर कसा झाला?"

मी मधुवंतीताईंकडं बघितलं नाही. "लक्ष न्हवतं माझं."

"लक्ष न्हवतं," काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडं बघतही नव्हत्या. स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या, उंबऱ्याबाहेरची माणसं उंबऱ्याबाहेरच बरी. मी म्हणायची, म्हातारीचं काहीतरीच. प्रभावतीची लेक म्हणून विश्वास टाकला मी."

मला मेलेली ती म्हातारी दिसली, जिला मी कधी पाहिलं नाही. आईचा कान तुटलेला कप दिसला, तोही मी पाहिलेला नाही. चूक माझी होती, आणि बाई तिचं खापर माझ्या आईच्या दारापर्यंत नेत होती. माझं डोकं फिरलं. एक शब्द पाळायचा होता मला, एकच, आणि तो दिल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

"लक्ष होतं माझं काकू," मी म्हणाले. "पूर्ण लक्ष होतं. नळी खिशात होती आन् तुम्ही माझा दंड धरून मला इथंच बसवलं. मी म्हणत होते जल्दी जायचंय. तुमच्या चहानं गेलं ते रक्त."

बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ते हलकं वाटणं अजून आठवतं आणि लाज वाटते, फॉर्मवरच्या खोट्या वेळेपेक्षाही जास्त.

ताराकाकूंचा चेहरा पडला. म्हणजे खरोखर पडला, गालाची कातडी खाली आली. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग सुनेकडं.

"माझ्यामुळं झालं का गं?"

मधुवंतीताई उठल्या, सासूच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "न्हाई आई," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं काही झालेलं न्हाई."

"मी बसवलं तिला. मीच बसवलं."

"चांगलंच केलं तुम्ही. त्याचा काही संबंध न्हाई." त्या म्हाताऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचे स्वतःचे डोळे अजून लाल होते. माझ्याकडं त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, आणि आवाज होता तसाच ठेवून म्हणाल्या, "भावना, तू जा आता."

मी काहीतरी म्हणणार होते. त्यांनी तोच हात जरासा उचलून मला थांबवलं आणि पुन्हा सासूच्या पाठीवर ठेवला. मी बाहेर आले, चपला घातल्या. आत काकू तेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि मधुवंतीताई दर वेळी न्हाई म्हणत होत्या.

आईनं संध्याकाळी विचारलं, तारा बरी आहे का. मी म्हणाले, बरी आहे.